साडेबारा अंश, उजवीकडे

“आता कुणी बोलायचं नाही,” असं म्हणून डॉ. नाडगौडांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

कवठाळीचा तलाव सांगलीपासून सत्तर किलोमीटरवर आहे. तलावात शिरलेल्या दगडी बांधाच्या टोकाला सौर वेधशाळा. भोवती पाणी असल्यामुळे सकाळी दोन-तीन तास हवा शांत राहते, सूर्याचं बिंब थरथरत नाही, म्हणून ती तिथं बांधलेली. १७ फेब्रुवारी १९८७, मंगळवार. प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या लहरी कुठल्या बाजूला कलल्यात ते, मोजणाऱ्या नव्या यंत्राचं त्या दिवशी पहिलं जाहीर निरीक्षण होतं. जिल्ह्यातल्या आम्हा तिघा बातमीदारांना बोलावलं होतं. बाकीचे दोघं नारळ फुटल्यावर चहा घेऊन, छापील पत्रक खिशात घालून निघून गेले. मी थांबलो. मला बहिणीसाठी बघायचं होतं.

मी साडेसहालाच पोचलो होतो. वेधशाळेच्या यंत्रशाळेतल्या इस्माईल मुल्लांनी मला वरपासून खालपर्यंत सगळं दाखवलं होतं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, खांद्यावर कायम एक मऊ फडकं.

“वर हे दोन आरसे,” ते म्हणाले होते. “एक सूर्याला धरतो, दुसरा त्याला खाली ढकलतो. आन् खाली हा तिसरा. हा पाहुणा हाय बरं का. मोठं यंत्र ज्या खोल विहिरीत बसवलंय तिच्यात पाणी पाझरलंय, म्हणून उजेड आडवा वळवून टेबलावर घेतलाय. विहीर आटली की पाहुणा चालला आपल्या गावाला.”

मी डायरीत लिहून घेतलं: आरसे तीन. वर दोन, खाली एक, तात्पुरता. शेजारी लहानशी आकृती काढली. जिथं जाईन तिथं जे दिसेल ते मोजून लिहायचं, ही माझी सवय होती. अक्का म्हणायची, याला देवळात नेलं तर हा आधी खांब मोजतो.

टेबलावर पितळी चकतीत बसवलेली एक पोलरॉइड काच होती. नाडगौडा ती पाच-पाच अंशांनी फिरवत, मीटर वाचून आकडा सांगत आणि मुल्ला तो वहीत लिहीत. सूर्याच्या कडेवर त्या सकाळी एक ज्वाला उभी होती, कमानीसारखी. तिच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा तेवढी वेगळी काढून तिचं ध्रुवण कुठल्या बाजूला कललंय ते मोजायचं चाललं होतं. चाळीस मिनिटं खोलीत आकड्यांशिवाय आवाज नव्हता.

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी नाडगौडांनी वहीतले आकडे आलेखावर उतरवले, पट्टी लावली आणि चष्मा काढला.

“साडेबारा अंश.”

“कुठल्या बाजूला?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कुणाचा भाऊ आहे हे त्यांना माहीत होतं.

“उजवीकडे.”

“नक्की?”

“चार वेळा घेतलं. चारही वेळा उजवीकडे.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “राजमतीबाईंना सांगा, मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. त्यांचं गणित फार देखणं होतं.”

•

राजमती मगदूम माझी थोरली बहीण. तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती, मी अठ्ठावीस. सांगलीच्या एका कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची आणि उरलेल्या वेळात, म्हणजे पहाटे आणि रविवारी, पाच वर्षं एकच गणित करत होती. आई म्हणायची, लग्नाचा विषय काढला की ही सूर्यावर जाऊन बसते.

ते गणित काय आहे हे मी तिला आदल्या रविवारी विचारलं होतं. घराच्या पुढच्या सोप्यात बसून ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती.

“अणू उजेड घेतो,” ती म्हणाली. “पण घेतल्या घेतल्या परत देत नाही. क्षणभर धरून ठेवतो. आता तिथं चुंबकाचा जोर असला, तर त्या तेवढ्या क्षणात तो अणूला वळवतो. मग अणू जो उजेड सोडतो तोही वळलेला असतो. तो किती वळला आणि कुठं वळला हे इथं बसून मोजलं, की तिथला चुंबक केवढा आणि कसा ते कळतं. पंधरा कोटी किलोमीटरवरचं.”

“मग तुझं त्यात काय?”

“जुनं सूत्र आहे, त्यात अणूच्या पातळ्या वेगवेगळ्या धरल्यात. ही एक, ती एक. पण काही पातळ्या इतक्या जवळ येतात की अणू हिच्यात आहे की तिच्यात, हे विचारण्यालाच अर्थ नसतो. तो दोन्हीत असतो. मी त्या एकत्र धरल्या.”

“आणि?”

“उत्तर उलटं आलं. जुन्या सूत्राप्रमाणे अशा ज्वालेचा उजेड पाच अंश उजवीकडे कलायला पाहिजे. माझ्याप्रमाणे बारा अंश डावीकडे.” तिनं एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. “नाडगौडा मंगळवारी मोजणार आहेत. ज्वालेतला चुंबक कुठल्या दिशेचा ते दुसरी एक वेधशाळा त्यांना तारेनं कळवणार. म्हणजे राहिलं काय? फक्त डावं का उजवं.”

“तू जात नाहीस?”

“जतला बारावीची प्रॅक्टिकल घ्यायला पाठवलंय मला. बुधवारी दुपारी येईन. तू जा. जे दिसेल ते बघून ये.”

मंगळवारावर किती अवलंबून आहे ते घरात सगळ्यांना माहीत होतं. एका इंग्रजी नियतकालिकानं तिचा पेपर स्वीकारला होता, प्रूफं घरी आली होती आणि ती आठवड्याच्या अखेरीला परत पाठवायची होती. बंगळूरच्या एका संस्थेनं तिला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं, पेपर छापून आला की रुजू व्हायचं. कॉलेजनं बिनपगारी रजाही मंजूर केली होती. तिनं लोकरीचं काही घ्यावं का, असं आई शेजाऱ्यांना विचारत होती. बंगळूरला थंडी असते म्हणून कुणीतरी तिला सांगितलं होतं.

•

त्या दिवशी मी दुपारी अडीचला कचेरीत पोचलो आणि बातमी लिहायला बसलो. अक्काचं नाव घातलं नाही. ‘एका भारतीय संशोधिकेने वर्तवलेल्या दिशेच्या विरुद्ध निष्कर्ष मिळाला’ एवढंच लिहिलं. बाकी यंत्राचं वर्णन, वेळ, अंश, नाडगौडांचं म्हणणं.

नाना कुंटे आमचे मुख्य उपसंपादक. बाहेरगावी जाणाऱ्या आवृत्तीचं पान संध्याकाळी साडेसहाला लागायचं आणि नाना सहानंतर कुणाशी गोड बोलत नसत.

“मगदूम, पत्रकात दोन आरसे आहेत. तुम्ही तीन कुठून आणलेत?”

“मी पाहिलेत, नाना. तिसरा तात्पुरता बसवलाय.”

“तात्पुरता म्हणजे नाहीच की. उद्या वेधशाळेचा फोन आला तर मी काय सांगू? आमच्या बातमीदारानं बोटं लावून मोजले?”

“मोजलेत मी.”

“आकड्याला कागद लागतो. डोळे कोर्टात चालत नाहीत. फोन करून विचारा नाडगौडांना, नाहीतर दोन करा.”

हा आमच्या दैनिकातला नियमच होता. मागे एका अपघातातल्या मृतांचा आकडा बातमीदाराच्या मोजणीवरून छापला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हापासूनचा. आकडा लेखी कागदावरचा, नाहीतर नाही. मी कवठाळीला ट्रंक कॉल लावला. पाऊण तासात लागला नाही. सहा वाजून वीस मिनिटांनी मी ‘तीन’ खोडलं, वर ‘दोन’ लिहिलं आणि कागद कंपोझिंगला दिला. त्या आकड्याचं मला काहीच वाटलं नाही. माझ्या डोक्यात अक्का होती. जतला निरोप द्यायला माझ्याकडे कुठला नंबर नव्हता, आणि असता तरी हे फोनवर कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं.

•

बुधवारी दुपारी दीडच्या सुमारास ती आली. काखेत आमचाच अंक होता, घडी घातलेला. जतच्या स्टँडवर घेतला असणार.

“अक्का, मी कळवणार होतो...”

“कळलं की. छापून आलंय.” तिनं चपला काढल्या, मागं जाऊन पाय धुतले, पदराला हात पुसत परत आली. “बातमी चांगली लिहिलीयस. नाव घातलं नाहीस ते बरं केलंस. आईला ‘संशोधिका’ कोण ते विचारू नकोस म्हणावं.”

ती माझ्यासमोर पाटावर बसली आणि अंक उघडून गुडघ्यावर ठेवला.

“साडेबारा?”

“हो.”

“पाच नाही. सात नाही. साडेबारा.”

“चार वेळा घेतलं त्यांनी.”

“नाडगौडांची मोजणी चुकत नाही,” ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती. बोटानं कागदावर काही रेघा ओढत होती. आई आतून भाकरीचं विचारत होती, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.

“भरत, तुला एक विचारते. का विचारते ते सांगणार नाही.”

“का नाही?”

“सांगितलं तर तू मला बरं वाटेल ते सांगशील.”

“मी तसं करत नाही.”

“बाकीच्यांसाठी नाही करत. माझ्यासाठी करशील.” ती थोडी हसली. “बघणाऱ्याला उत्तर कुठलं पाहिजे ते कळू द्यायचं नसतं. म्हणून नुसतं विचारते. उजेड त्या टेबलावर येईपर्यंत आरसे किती होते?”

डायरी माझ्या खिशात होती.

तेव्हा काय मनात आलं ते मी नंतर अनेकदा आठवून पाहिलं आहे, आणि ते जेवढं होतं तेवढंच सांगतो. मला वाटलं, ती बातमी तपासतेय. मला वाटलं, तीन म्हणालो तर ती विचारणार, मग दोन का छापलंस. मग मला सांगावं लागणार की मी डोळ्यांनी पाहिलेलं खोडलं आणि न पाहिलेलं लिहिलं, आणि तेही अशा दिवशी, जेव्हा तिच्या पाच वर्षांवर मी चार परिच्छेद लिहिले होते. शिवाय तिसरा तात्पुरताच होता. नाना म्हणाले होते, म्हणजे नाहीच.

“दोन,” मी म्हणालो. “छापलंय ना.”

“छापलेलं वाचलं मी. तू मोजलेस का?”

“मोजले.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. मी आकडा चुकत नाही, हे ती लोकांना कौतुकानं सांगायची.

“मग झालं,” ती म्हणाली आणि अंकाची घडी घातली.

दिवस मावळायच्या आत आम्ही जेवलो. ती नेहमीएवढी जेवली. आईनं विचारलं, बंगळूरला कधी निघायचं ते ठरलं का, तर म्हणाली, नाही जायचं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे बघत राहिलो.

गुरुवारी सकाळी ती मला घेऊन तार कचेरीत गेली. फॉर्म माझ्यापुढं सरकवला.

“तू लिही. तुला कमी शब्दांत जमतं.”

“अक्का, दोन दिवस थांब. नाडगौडांना एक पत्र तरी टाक.”

“काय लिहू त्यांना? तुम्ही चुकलात?”

“तसं नाही...”

“माझ्याकडून कुठं तरी एका जागी उणेचं अधिक झालं असणार. पाच वर्षांत ते मला दिसलं नाही, तर दोन दिवसांत काय दिसणार? आणि चुकलेलं माहीत असताना छापून आणायचं नाही. तूच सांग, तू आणशील?”

मी इंग्रजीत लिहिलं: पेपर मागे घेत आहे, पत्र मागाहून, मगदूम. तिनं वाचलं. “‘पत्र मागाहून’ काढून टाक,” ती म्हणाली. “काय लिहिणार मी पत्रात?” मी ते खोडलं. इंग्रजीतले तीन शब्द उरले आणि खाली नाव.

•

त्यानंतर ती गणिताबद्दल बोलली नाही. रुसली नाही, आजारी पडली नाही, कुणाला दोष दिला नाही. अकरावी-बारावीचे वर्ग तिनं मागून घेतले. पुढं विभागप्रमुख झाली. कॉलेजचं वेळापत्रक तीच बसवायची, आणि एकाही तासाची टक्कर होत नाही म्हणून प्राचार्य तिचं नाव घ्यायचे. पहाटे उठायची सवय राहिली होती. उठून अंगण झाडायची. आई गेल्यावर मी तिला आमच्याकडे राहायला ये म्हणालो, तर म्हणाली, तुझ्या बायकोला माझा झाडू सहन होणार नाही.

१९९८ च्या मार्चमध्ये मी पुन्हा कवठाळीला गेलो. तलाव त्या वर्षी पार खाली गेला होता आणि वेधशाळेची मुख्य यंत्रं दुसरीकडे हलवायची होती. मी तोवर मुख्य बातमीदार झालो होतो. खरं तर कुणाला तरी पाठवता आलं असतं, पण मुल्लांनी पत्र टाकलं होतं की मी निवृत्त होतोय, एकदा येऊन जा. नाडगौडा चार वर्षांपूर्वी वारले होते.

मुल्लांनी लाकडी खोक्यांवर बसवून चहा दिला. आरसे कापसात गुंडाळून पेट्यांत भरलेले होते.

“किती निघाले?” मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

“दोनच की. तिसरा तवाच काढला. तुम्ही आला होता त्याच्या पुढल्या पावसाळ्याच्या आधी.” त्यांनी बशीत चहा ओतला. “त्या पाहुण्यानं लई घोळ केला, मगदूमसाहेब.”

“कसला?”

“तुम्हांला म्हाईत नाही व्हय?” ते माझ्याकडे बघत राहिले. “आवो, आरशात बघून भांग पाडताना उजव्याचं डावं होतंय का नाही? दोन आरसे असले तर उलट्याचं परत सुलट होतंय. तीन असले की उलटंच ऱ्हातंय. साहेबांनी हिशोब सगळा दोनचा धरलेला. कायम दोनच असायचे, ध्यानातच आलं नाही. दोन वर्सांनी तशीच ज्वाला परत घावली, तवा मोजलं तर डावीकडं आलं. बारा अंश. साहेब दिवसभर जेवले नाहीत. मग जुनी वही काढली, माझ्याकडं बघितलं आन् म्हणाले, मुल्ला, त्या साली खालचा आरसा होता का हो? मी म्हटलं, होता की.”

“मग?”

“मग काय. त्या सगळ्या पानांवर तांबडी रेघ मारली.”

“माझ्या बहिणीला कळवलं नाही?”

“पत्र लिहिलं होतं. दोनदा लिहिलं. दोनदा फाडलं. म्हणाले, बाईंनी तर कवाच मागं घेतलं, आन् परदेशात कुणी तरी तेच छापलंसुद्धा. आता सांगून त्यांना काय मिळणार.” त्यांनी बशी खाली ठेवली. “मला एक कळत नाही. बाईंनी एकदा तरी विचारायला पाहिजे होतं, आरसे किती म्हणून. एवढ्या हुशार बाई.”

मी त्यांना काही सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, कुठं घ्यायची साहेब. मग मी अक्काकडे म्हणालो. वाटेत घरी थांबून कपाटातल्या खोक्यातून त्या वर्षीची डायरी काढून घेतली.

•

दुपारचे चार वाजले होते. ती सोप्यात गवारीच्या शेंगा मोडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, बातमी सांगावी तसं. आधी काय घडलं, मग मुल्ला काय म्हणाले, मग माझं.

“मी तीन पाहिले होते,” मी म्हणालो. “तू विचारलंस तेव्हा मला तीन माहीत होते.”

ती शेंगा मोडत राहिली. पाच-सहा शेंगा झाल्या असतील.

“लिहून ठेवले होतेस?”

“हो.”

“आहे ते?”

मी डायरी दिली. तिनं चष्मा लावला. पान बराच वेळ डोळ्यांसमोर धरलं.

“तिसरा आरसा पंचेचाळीस अंशात काढलायस,” ती म्हणाली. “व्यवस्थित काढलायस. बाणसुद्धा दाखवलेत.”

“अक्का, मी...”

“थांब जरा.” तिनं डायरी मांडीवर ठेवली. “तेव्हा मला हेच वाटलं होतं. बस स्टँडवर उभ्या उभ्याच वाटलं होतं. आकडा माझा आणि बाजू उलटी, म्हणजे एक आरसा जास्त असणार. येईपर्यंत मी नुसती आरसे मोजत होते. म्हणून तुला विचारलं.”

“कारण सांगितलं असतंस तर...”

“नाही सांगायचं कारण. ती पद्धत असते.” तिचा आवाज पहिल्यांदा चढला आणि लगेच खाली आला. “पद्धत बरोबर होती ना रे?”

“बरोबर होती.”

“मग मीच काहीतरी करायला हवं होतं असं का वाटतंय मला?”

 रस्त्यावरून भांडीवाली ओरडत गेली. तिचा आवाज लांब जाईपर्यंत अक्का दाराकडे बघत होती.

“दुरुस्ती छाप आता,” ती म्हणाली. “‘दोनऐवजी तीन असे वाचावे.’ तुमच्यात सातव्या पानावर खाली छापता ना?”

“छापतो.”

“अरे, गंमत केली.” पण ती हसली नाही. गवारीचं ताट तिनं बाजूला सारलं, उठली आणि आतल्या खोलीत गेली. माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मी मदतीला उठलो तर म्हणाली, बस तू. ती तीन जाडजूड वह्या घेऊन आली. फडक्यानं पुसल्या आणि पहिली उघडली.

“बघू तरी,” ती म्हणाली. “कुठं चुकलं, कुठं चुकलं, करत शेवटी शेवटी मी हिच्याकडं बघायचंसुद्धा सोडलं होतं. बरोबर होतं म्हणजे काय बरोबर होतं ते तरी बघू.”

ती वाचायला लागली. मला सांगत सांगत वाचत होती. हा उजेड येतो ती दिशा. हा चुंबक. ही खालची पातळी, या वरच्या. इथं जुनं सूत्र संपतं, इथून माझं. बोट ओळीवरून भरभर सरकत होतं आणि तिचा चेहरा मी फार वर्षांत पाहिला नव्हता तसा झाला होता. पहिली वही झाली. दुसरीची दहा-बारा पानं झाली.

मग बोट थांबलं.

तिनं एक पान मागं उलटलं, परत पुढं आली. परत मागं गेली. कडेच्या मोकळ्या जागेत पेन्सिलनं काही लिहून पाहिलं, खोडलं. चष्मा काढून पुसला.

“इथून इथं कशी आले मी?” ती म्हणाली.

तिनं वही डोळ्यांजवळ आणली.

“चारच ओळी आहेत. मधलं काही लिहिलेलंच नाही. तेव्हा लिहायची गरज वाटली नसणार.” तिनं पुन्हा पेन्सिल टेकवली. खोलीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं. ती प्रत्येक ओळीला मान हलवायची, तिसरीपाशी यायची आणि तिथं मान थांबायची. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही.

अखेर तिनं वही फिरवून माझ्यासमोर ठेवली. मी कॉमर्सचा पदवीधर. ते काय आहे हे मला त्या दिवशीही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही.

“मोठ्यानं वाच जरा,” ती म्हणाली. “जे लिहिलंय तेच वाच. ऐकलं की कदाचित आठवेल.”

तिचं अक्षर स्वच्छ होतं. मी एकेक खूण, एकेक आकडा, वरचा, खालचा, कंसातला, जसा दिसला तसा वाचला. ती डोळे मिटून ऐकत होती. चौथी ओळ संपली तेव्हा तिनं डोळे उघडले नाहीत.

“पुन्हा वाच,” ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.